घराच्या मापात बसणारे कार्यालय

डब्लिन शहरातील लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची विटांची सोळा जॉर्जियन घरे, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या धाटणीची घरे, १९६५ मध्ये पाडण्यात आली. नव्या काळाने जुन्या काळावर घातलेला घाला म्हणूनच ही घटना बहुधा सांगितली जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ही घरे आयर्लंडच्या वीजपुरवठा मंडळाच्या ताब्यात होती आणि पाडली जाण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांत त्याच मंडळाची कचेरी चालत होती. १९२७ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ एकेक घर घेत त्या रस्त्यावर पसरत गेले, माणसे वाढली, कागद वाढले, आणि शेवटी घरे अपुरी पडू लागली. तेव्हा मंडळाने दुसरीकडे जावे किंवा घरांनी जागा मोकळी करावी, एवढे दोनच पर्याय उरले होते. जावे लागले ते घरांना. त्यांच्या जागी आलेली आधुनिक कचेरीची इमारत सुमारे अर्धशतक टिकली, मग तीही कालबाह्य ठरवून पाडण्यात आली, आणि तिथे काय बांधावे, जुन्या दर्शनी भिंतींची प्रतिकृती की आजच्या भाषेतली इमारत, यावर पुन्हा वाद झाला. पावणेदोनशे वर्षे उभ्या असलेल्या घरांचा बळी ज्या गरजेसाठी दिला, ती गरज पन्नास वर्षेही स्थिर राहिली नाही.

ऐतिहासिक घरांत कार्यालये असावीत की नसावीत, असा प्रश्न विचारला की चर्चा भरकटते, असे मला वाटते. शहराने ठरवायचे आहे ते एवढेच, की घर आणि कार्यालय एकत्र नांदणार असतील तर कोणी कोणाच्या मापाने वागायचे. माझे उत्तर स्पष्ट आहे. कार्यालयाने घराच्या मापात बसावे, बसता येत नसेल तर दुसरी जागा शोधावी, आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणेने या एका कसोटीवर ठाम राहावे.

कार्यालयाला शत्रू ठरवण्याची चूक मात्र करू नये, कारण डब्लिनची जॉर्जियन घरे आज जितकी उरली आहेत त्यांपैकी बरीचशी कार्यालयांमुळेच उरली आहेत. आयर्लंड आणि ब्रिटन एक करणाऱ्या, १८०१ पासून अमलात आलेल्या ऐक्य कायद्याने आयर्लंडची संसद संपुष्टात आली, उमराव मंडळी हळूहळू लंडनकडे वळली आणि त्यांची घरे रिकामी होऊ लागली. शहराच्या उत्तर भागातल्या घरांचे पुढे काय झाले हे हेनरिएटा स्ट्रीटवर दिसते. तिथले १४ क्रमांकाचे घर १७४०च्या दशकाच्या अखेरीस एका श्रीमंत कुटुंबासाठी बांधलेले होते. १९११ च्या जनगणनेच्या वेळी त्यात शंभर माणसे राहत होती, एकेका खोलीत एकेक कुटुंब. दुरुस्तीला पैसा नाही, भाडेकरूंना आवाज नाही आणि मालकांना आस्था नाही, अशा अवस्थेत हजारो घरे कुजत गेली. जून १९६३ मध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीट येथे एकाच महिन्यात जुनी घरे कोसळून चार जणांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर धोकादायक ठरवलेल्या इमारती पाडण्याचा सपाटाच सुरू झाला. अशा वातावरणात जुन्या विटांच्या बाजूने बोलणे सोपे नव्हते.

दक्षिणेकडील मेरियन स्क्वेअर आणि फिट्झविल्यम स्क्वेअर यांचे नशीब वेगळे ठरले, कारण तिथे वकील आणि डॉक्टर आले. फिट्झविल्यम स्क्वेअर तर डॉक्टरांसाठीच ओळखला जाऊ लागला: तळमजल्यावर रुग्णांना तपासण्याची खोली, शेजारी त्यांची बसण्याची जागा आणि वर डॉक्टरांचे कुटुंब. मेरियन स्क्वेअरमधील ५८ क्रमांकाच्या घरात डॅनियल ओ'कॉनेल हे नामांकित बॅरिस्टर आणि राजकीय नेते राहत असत. पुढे याच चौकातील ८४ क्रमांकाच्या घरात सहकारी शेती चळवळीची कचेरी आली, आणि तिथे नियतकालिकाचे संपादन करणारे कवी-चित्रकार जॉर्ज रसेल यांनी आपल्या खोलीच्या भिंती स्वतःच्या चित्रांनी भरून टाकल्या. या साऱ्या उदाहरणांत काम घरात शिरले, पण घराची रचना तशीच राहिली. मोठी खोली मोठीच राहिली, जिना जिथे होता तिथेच राहिला, आणि कामाने आपली पद्धत त्यानुसार बसवून घेतली.

ही रचना म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद अर्थहीन आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला लाल-तपकिरी विटांची एक सपाट भिंत दिसते, तिच्यावर जवळजवळ काहीच अलंकरण नाही. सगळी शोभा दरवाजात एकवटलेली असते: दोन खांब, वर पंख्याच्या आकाराचा काचेचा झरोका, आणि तळघराला उजेड मिळावा म्हणून रस्त्यालगत सोडलेल्या खोल चौकावरून दारापर्यंत नेणाऱ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या. बाकी भिंतीचे सौंदर्य खिडक्यांच्या प्रमाणात आहे. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण तिथे दिवाणखाना. वर जाताना त्यांची उंची घटत जाते आणि शेवटच्या मजल्यावर त्या जवळपास चौरस होतात. कोणत्या मजल्यावर कोण राहत होते, कोणत्या खोलीला किती मान होता, हे या भिंतीवर बाहेरूनच वाचता येते. म्हणूनच आतल्या खोल्यांचा नाश झाला की दर्शनी भिंत खोटे बोलू लागते.

आत शिरल्यावर एका बाजूने सरळ आत जाणारी लांबट वाट लागते, तिच्या टोकाशी जिना, आणि दुसऱ्या बाजूला एकामागे एक दोन खोल्या, पुढची रस्त्याकडे आणि मागची बागेकडे तोंड करून. पहिल्या मजल्यावर या दोन खोल्यांच्या मध्ये रुंद दुहेरी दरवाजे असतात, ते उघडले की घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड वाहतो. शेजारच्या घरांशी असलेल्या सामायिक भिंतींत धुराडी सामावलेली असतात. मधली आडवी भिंत अनेकदा लाकडी चौकटीची असते आणि पुष्कळ घरांत ती वरच्या मजल्यांच्या तुळयांचा भार पेलते, त्यामुळे साधे पार्टिशन समजून ती काढली की वरची जमीन खचू लागते. छतावरचे चुन्या-गिलाव्याचे नक्षीकाम खोलीच्या चारही कडांनी फिरते, म्हणजे खोलीचा आकार आणि नक्षीचा आकार एकच असतो. खोलीच्या मध्यावर नवी भिंत घालून दोन केबिन केल्या की दोन्ही केबिनमध्ये नक्षीची तुटलेली अर्धी चौकट उरते, आणि एकीत शेकोटी तर दुसरीत काहीच नाही अशी विद्रूप विभागणी होते. मूळ खोली पुन्हा कोणालाच अनुभवता येत नाही.

विटांबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण सगळ्यांत जास्त अज्ञान तिथेच आहे. या भिंती आजच्यासारख्या सिमेंटच्या नाहीत. विटा चुन्यात बसवलेल्या आहेत, आणि दर्शनी बाजूच्या चांगल्या विटांमागे बरेचदा मऊ, कमी भाजलेल्या विटा आहेत. मागची भिंत आणि तळघर पुष्कळ ठिकाणी कॅल्प नावाच्या स्थानिक काळसर चुनखडीचे असते. डब्लिनमध्ये विगिंग नावाची दरजा भरण्याची खास पद्धत आहे: वेड्यावाकड्या कडांच्या विटांच्या सांध्यात आधी चुन्याची बारीक फिकी रेघ बसवायची, मग तिच्या दोन्ही बाजूंना विटेच्याच रंगाचे मिश्रण भरून ती रेघ सरळ आणि सारख्या जाडीची दिसेल असे करायचे. हाताने बनवलेल्या विटांना अचूकतेचा आभास देणारे हे काम अतिशय नाजूक आहे. दुरुस्तीच्या नावाखाली हीच दरजा खरवडून सिमेंट भरले की भिंतीत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडेनासे होते, ते विटेतून वाट काढते, थंडीत गोठते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटू लागतो. चुन्याची दरजा स्वतः झिजून विटेला वाचवते, सिमेंटची दरजा विटेला झिजवून स्वतः टिकते. कार्यालयाच्या भाडेकरारात दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवर टाकलेली असते, आणि दहा वर्षांसाठी आलेला भाडेकरू शंभर वर्षांचा विचार करून गवंडी निवडत नाही. हा दोष स्वभावाचा कमी आणि कराराच्या मुदतीचा जास्त आहे, म्हणून तो कराराच्या अटींनीच सुधारावा लागेल.

कार्यालयासाठी घर बदलताना होणाऱ्या नुकसानीचे प्रकार सगळीकडे तेच आहेत. मोठ्या खोल्यांच्या केबिन होतात. उंच छताखाली खोटे छत टांगून त्यात दिवे आणि वातानुकूलनाच्या नळ्या लपवल्या जातात, आणि ते छत पहिल्या मजल्यावरच्या उंच खिडकीला वरून कापून जाते. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे सामायिक भिंती फोडून दोन-तीन घरे एकमेकांत उघडणे. बाहेरून तीन दरवाजे, आत एकच लांब कचेरी. दोन जिने बिनकामाचे म्हणून बंद किंवा चक्क काढून टाकलेले, दोन दरवाजे कायमचे कुलूपबंद. या रस्त्यांचे शहरी मोल हेच आहे की प्रत्येक वीस-पंचवीस फुटांवर एक दार आहे आणि त्या दारामागे एक वेगळे जग आहे. भिंती फोडल्या की रस्त्याची ही रचना आतून रद्द होते, आणि पुढे कधी ती घरे वेगळी करायची ठरवली तर जिना, भिंत, सांडपाण्याची नळी, सगळेच नव्याने उभारावे लागते. माझ्या मते सामायिक भिंतीत नवे दार पाडण्यास सर्वसाधारणपणे नकारच असावा, आणि अपवाद मागणाऱ्याने तो सिद्ध करावा.

मजल्यांच्या जमिनीच्या भारक्षमतेच्या नावाखाली होणारे नुकसान फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कार्यालयाच्या जागेसाठी दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार पेलण्याची क्षमता हवी, असा आग्रह मालमत्तेच्या बाजारात दीर्घकाळ धरला गेला, आणि तो पुरवण्यासाठी जुन्या लाकडी तुळया काढून पोलाद आणि काँक्रीट घातले गेले. इंग्लंडमध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने १९९४ मध्येच दाखवून दिले की सर्वसाधारण कार्यालयीन कामाला याच्या निम्मा, म्हणजे सुमारे २५० किलोचा निकष पुरेसा आहे. लाकडी जमिनी तपासल्या आणि गरजेपुरत्या बळकट केल्या तर पुष्कळदा तो पूर्ण करतात. जड कपाटे तळघरात किंवा भिंतीलगत ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे, आणि कागदपत्रे संगणकात गेल्यापासून तर तो आग्रह आणखीच निराधार झाला आहे. म्हणजे अठराव्या शतकातले सुतारकाम ज्या गरजेपोटी उखडले गेले, ती बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या जाहिरातीत छापण्यापुरतीच होती. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

दर्शनी भिंत राखून मागचे सारे नवे बांधण्याची तडजोड अनेकांना शहाणपणाची वाटते. डब्लिनने तीही करून पाहिली आहे. १९६९च्या अखेरीपासून १९७०च्या जूनपर्यंत ह्यूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील घरे वाचवण्यासाठी विद्यार्थ्यांनी त्यांत ठाण मांडले होते. त्या आंदोलनाने लोकमत हलवले आणि त्या पिढीला संवर्धनाचा विषय शिकवला, हे त्याचे मोठे यश. पण शेवटी जो तोडगा निघाला त्यात जुनी घरे गेलीच, आणि जॉर्जियन धाटणीच्या नव्या दर्शनी भिंतींमागे कार्यालये उभी राहिली. खिडक्यांची प्रमाणे नक्कल केलेली, आतले मजले मात्र आधुनिक कचेरीच्या हिशेबाने. आंदोलकांचा आदर राखूनही म्हणावे लागते की या तोडग्याने पुढच्या विकासकांना फार सोयीचा धडा दिला: लोकांना रस्त्यावरून जे दिसते तेवढे सांभाळा, बाकी तुमचे.

आयर्लंडचा कायदा आज याहून बराच पुढे आहे. २०००च्या नियोजन कायद्याने संरक्षित वास्तूची व्याख्या आतील भागालाही लागू केली, म्हणजे खोल्या, जिने, गिलावा, शेकोट्या हे सारे संरक्षणाखाली येते. कोणत्या कामांना परवानगी लागणार नाही याचे लेखी घोषणापत्र मालक आपल्या नगरपालिकेकडे मागू शकतो, ही तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. उणीव आहे ती कायद्याच्या अंमलबजावणीत. प्रत्येक अर्ज सुटा पाहिला जातो: एक केबिन, एक दार, एक नळी. कोणताही एक बदल घर मारत नाही, पण चाळीस वर्षांत पाच भाडेकरूंनी केलेले बदल एकत्र पाहिले तर घराचा आराखडा ओळखू येत नाही. म्हणून मूळ आराखडा हीच मोजपट्टी धरावी आणि प्रत्येक नवा अर्ज त्या आराखड्यापासून किती दूर नेतो किंवा त्याच्याकडे किती परत आणतो, हे पाहावे. पूर्वीच्या भाडेकरूने घातलेली खोटी छते आणि केबिन काढून टाकणे ही नव्या परवानगीची अट असायला हरकत नाही.

या भूमिकेवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप प्रवेशाचा आहे. रस्त्यावरून चार-पाच पायऱ्या चढूनच ज्या दाराशी पोचता येते ते दार चाकाच्या खुर्चीवरील माणसाला बंद आहे, आणि सार्वजनिक वावर असलेल्या कार्यालयात हे चालवून घेता येणार नाही. इथे संवर्धनवाद्यांनी आढेवेढे घेऊ नयेत. तळघरासमोरच्या मोकळ्या चौकात उतरणारी छोटी लिफ्ट, मागच्या गल्लीकडून सपाट प्रवेश, किंवा मागील बाजूला नंतर जोडलेल्या दुय्यम भागात बसवलेली लिफ्ट, असे मार्ग बहुतेक घरांत निघतात. जिथे निघत नाहीत तिथे घराला थोडी इजा सोसावी लागली तरी ती सोसावी, कारण माणसाचा मान पायरीपेक्षा मोठा आहे. मात्र लिफ्टचा खड्डा मुख्य जिन्याच्या विहिरीत खोदण्याची मागणी आली, तर तिथे लोकांची भेट घेणारे कार्यालय न ठेवणे हाच योग्य निर्णय ठरेल.

आगीच्या सुरक्षेबाबत घर स्वतःच उत्तर देते. एकच जिना असलेल्या इमारतीत किती माणसे सुरक्षितपणे काम करू शकतात याला मर्यादा आहे. ती मर्यादा ओलांडण्यासाठी दुसरा जिना घुसवण्याऐवजी माणसांची संख्या मर्यादेत ठेवावी. जुन्या दरवाजांच्या पातळ फळ्यांवर उष्णतेने फुगणारे लेप लावून त्यांची आग रोखण्याची क्षमता वाढवता येते. विजेच्या आणि संगणकाच्या तारा वर नेण्यासाठी वापरात नसलेली धुराडी तयारच आहेत, त्यांतून हवाही खेळवता येते. ऊर्जेच्या बचतीसाठी भरीव भिंतींना आतून जाड, हवाबंद आवरण चढवण्याची घाई धोक्याची आहे, कारण भिंत थंड पडून ओल अडकते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजू लागतात. छताखाली उष्णतारोधक थर, खिडक्यांच्या लाकडी झडपांची दुरुस्ती, आणि मूळ खिडकीला धक्का न लावता आतून बसवलेली दुसरी काच, एवढ्याने पुष्कळ साधते.

मालकांचा युक्तिवाद असा असतो की इतक्या अटी घातल्या तर भाडेकरू येणारच नाहीत आणि रिकामे घर सर्वांत लवकर मरते. शेवटचा भाग मान्य आहे. मोठ्या कंपन्या गोदी भागातल्या नव्या काचेच्या इमारतींकडे वळल्या आहेत, आणि एका मजल्यावर दोनशे माणसे बसवू पाहणाऱ्या कंपनीला जॉर्जियन घर कितीही फोडून दिले तरी पुरणार नाही. तिच्यासाठी भिंती पाडणे म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यासाठी घर विकण्यासारखे आहे. या घरांना शोभतात ती दहा-वीस माणसांची कार्यालये: वकील, वास्तुरचनाकार, संस्था, प्रकाशक. मेरियन स्क्वेअरमधील ४५ क्रमांकाच्या भव्य घरात आयरिश आर्किटेक्चरल आर्काइव्ह ही संस्था २००४ पासून नांदते आहे. तिला वाचनालयाला मोठ्या खोल्या हव्या होत्या आणि घराकडे त्या होत्या.

आणि वरचे मजले? तिथे पुन्हा माणसे राहायला यावीत, असा माझा आग्रह आहे. दिवसा माणसांनी भरलेले आणि संध्याकाळी सहानंतर ओस पडणारे चौक हे शहराच्या मध्यभागी परवडणारे नाहीत, विशेषतः जिथे घरांची टंचाई आहे अशा शहरात. तळघर, तळमजला आणि पहिला मजला कार्यालयाकडे, वरचे दोन मजले निवासाकडे, ही विभागणी फिट्झविल्यम स्क्वेअरच्या डॉक्टरांनी कोणत्याही नियमाशिवाय करून दाखवली होती. आज तिच्या आड एकच जिना, मजल्यांमधील आग आणि आवाजाचा अटकाव, आणि स्वतंत्र मीटर अशा व्यावहारिक अडचणी येतात. त्या खर्चाच्या आहेत, अशक्य नाहीत. २०१५ मध्ये आयर्लंडने लिव्हिंग सिटी इनिशिएटिव्ह या नावाने जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांत राहणाऱ्यांना करसवलत दिली. ती ठरावीक भागांपुरतीच आहे, आणि संमिश्र वापराच्या घरासाठी अशी सवलत खास वाढवून दिली तर सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी जाईल. संरक्षणाचा भार समाजाच्या इच्छेने मालकावर पडतो, तेव्हा त्याच्या खर्चात समाजाने वाटा उचलणे न्याय्यच आहे. त्या मोबदल्यात समाजाने मागायच्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या असाव्यात: सामायिक भिंती अखंड, मुख्य जिना जागेवर, पहिल्या मजल्याचे दोन दिवाणखाने अविभाजित, दरजा चुन्याची, आणि भाडेकरार संपताना घराचा मोजून काढलेला आराखडा नगरपालिकेच्या दप्तरी जमा, म्हणजे पुढच्या अर्जदाराला आणि पुढच्या अधिकाऱ्याला आपण कुठून सुरुवात करतो आहोत हे पहिल्याच दिवशी कळेल.